शुक्रवारचं दूध

आमच्या पोयाना गावात उपवास कधी आहे हे कॅलेंडरात बघायची पद्धत नव्हती. तोदोसियाच्या धुराड्याकडे बघायचं. वास मांसाचा आला तर खुशाल खा, नुसत्या घेवड्याचा आला तर मुकाट्यानं आपलंही पातेलं झाकून ठेवा. बुधवार-शुक्रवार ती वर्षभर पाळायचीच, पण ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास म्हणजे तिचं राज्य. मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. त्या दिवसांत बायका फादर सिमिओनना विचारायच्या आधी तिला विचारत, "तोदोसिया, आज तेल चालतं का गं?" आणि ती हातातलं काम न थांबवता सांगायची, "आज चालतं. काल चालत नव्हतं, तरी तू तळलंस. वास आला मला."

आणि अशा बाईच्या पदरात पडला कोण, तर गाव्रिला.

गाव्रिला लाकडी कौलं तासायचा. आमच्या चर्चच्या छपरावरचं एकूणएक कौल त्याच्या हातचं, पण त्या छपराखाली हा बाबा वर्षातून एकदा यायचा, ईस्टरला, तोही दाराशी टोपी हातात धरून उभा. "अरे, आत ये की," फादर म्हणायचे. "मी वर असतो ना, फादर," हा म्हणायचा, "तुमच्यापेक्षा मीच त्याच्या जवळ बसतो." मोठ्या उपवासात तो कोठाराच्या मागे जाऊन खारवलेल्या चरबीचा तुकडा कांद्याबरोबर खायचा, आणि वास लपावा म्हणून वरून आणखी एक कांदा. तोदोसियाला कळत नसेल असं थोडंच आहे! ती कंबरेवर हात ठेवून कोठाराच्या कोपऱ्यावर उभी राहायची.

"नरकात जाशील, मेल्या."

"तू वर असशीलच. एक दोर सोड खाली."

ती चिडून निघून जायची आणि वाटेत पदराआड हसायची. हसली हे मात्र कोणाला दिसू द्यायची नाही. या दोघांचं असंच होतं. माणसं म्हणायची, यांचं जमतं कसं? जमत होतं, एवढं खरं.

लग्न झालं त्या आठवड्यातलं पहिलं भांडण मिठावरून झालं. गाव्रिलाला गरम दूध लागायचं, त्यात मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, कुस्करलेला, आणि वरून चिमूटभर मीठ. तोदोसियाच्या माहेरी दुधात साखर घालत. "दुधात मीठ? शी! हे काय माणसाचं खाणं आहे?" ती म्हणाली. गाव्रिलाची मोठी बहीण पालागिया तिथंच उभी होती. आई लवकर गेल्यामुळे भावाला तिनंच वाढवलेलं. ती थंडपणे म्हणाली, "आम्ही याला मिठावरच मोठा केलाय. जगलाय ना?" त्या दिवसापासून तोदोसियानं त्याच्या वाडग्यात मीठ घातलं, पण स्वतः कधी जिभेला लावलं नाही. तो खायला बसला की ती पाठ करून भांडी घासायची. "बघवत नाही मला," म्हणायची.

नणंद-भावजयीचं तेव्हापासून जरा खारटच राहिलं. त्यात मूल झालं नाही. पालागिया एकदा भर अंगणात काहीतरी बोलून गेली, वांझ गाईला गोठ्यात कशाला ठेवायचं, असं काहीतरी. गाव्रिला छपरावर होता. तो तिथूनच ओरडला, "ताई, लेकरं देवाकडे मागायची असतात, बायकोकडे नाही! शिडी इथं आहे, चढ आणि माग!" तोदोसियानं त्या रात्री त्याला दोन वाडगे दूध वाढलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात प्रभूभोजन घ्यायला जायच्या आधी घरच्या माणसाची क्षमा मागतात. "मला क्षमा कर" असं म्हणायचं, समोरच्यानं "देव क्षमा करो" म्हणायचं, की झालं. तोदोसिया हे कधी चुकली नाही. स्वच्छ पदर घेऊन गाव्रिलापुढे उभी राहायची आणि रागावल्यासारखी म्हणायची, "मला क्षमा कर." हा टोपी मागे सारून विचार करायचा. "कशाकशाची? कालच्या करपलेल्या घेवड्याची पण?" "अरे, म्हण ना लवकर, घंटा झाली!" मग तो तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि एकदम हळू आवाजात म्हणायचा, "देव क्षमा करो, तोदोसिया." चेष्टा कितीही करो, हे वाक्य त्यानं कधी चेष्टेत म्हटलं नाही.

मग त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. आधी कांदा बाधला म्हणाला, मग थंडी बाधली म्हणाला. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. "घरी न्या," म्हणाले. तोदोसियाला एवढं पुरलं. तिनं जास्त विचारलं नाही.

उपवास तोंडावर आलेला. फादर सिमिओन घरी आले, गाव्रिलापाशी बसले, आणि निघताना दारात तिला स्पष्ट बोलले. "आजाऱ्याला उपवास नाही, तोदोसिया. दूध दे, अंडं दे, मागेल ते दे. हे मी सांगतोय, ऐकतेस ना?"

"ऐकते, फादर."

ऐकलं तिनं. पण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं, आणि ते दुष्टपणाचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. ती त्याला सोडायला तयार नव्हती. इथं नाही तर तिथं तरी तो हवा होता तिला. रात्रंदिवस तिला एकच भीती: मी एका दारानं आत जाईन आणि याला दुसऱ्या दाराशी उभं करतील. याच्याजवळ दाखवायला आहे काय? छपरं आणि चेष्टा! एक उपवास, एक तरी पुरा उपवास याच्या नावावर असता! आणि कोण जाणे, देव बघेल, पोटाची गाठ विरघळवूनही टाकेल. त्याला काय अवघड आहे?

ती गाव्रिलाच्या उशाशी बसली. "माझ्यासाठी एवढं कर. आयुष्यात एकदा हा उपवास पुरा कर. देवापुढं रिकाम्या हातांनी जाऊ नको."

"देवासाठी कर म्हणाली असतीस तर विचार केला असता," तो म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणतेस म्हणजे करायलाच पाहिजे."

आणि केला पठ्ठ्यानं. घेवड्याचं पाणी, उकडलेला बटाटा, आंबवलेल्या कोबीचा रस. जाईल तेवढं गिळायचा, बाकी तसंच राहायचं. पालागिया रोज यायची, भावाचे पाय चोळायची. तीही उपवासाची पक्कीच, तोदोसियाच्या वरताण. चर्चमध्ये बायकांची गाणी तिच्याशिवाय सुरू होत नसत. भाऊ उपवास करतोय हे बघून तिचे डोळे भरून आले. "आई बघत असेल रे," म्हणाली. त्या दिवसांत दोघी पहिल्यांदाच एका बाकावर बसून घेवडा निवडताना गावानं बघितल्या.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तोदोसिया त्याच्यापुढं स्वच्छ पदर घेऊन उभी राहिली. "मला क्षमा कर." त्याच्यात चेष्टेची ताकद उरली नव्हती. हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवता येईना, म्हणून तीच वाकली. "देव क्षमा करो," तो म्हणाला. फादरांनी घरी येऊन त्यालाही प्रभूभोजन दिलं. तोदोसियाला वाटलं, सगळं सरळ चाललंय.

दुसरा दिवस मोठा शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस. आमच्याकडे त्या दिवशी माणसं पाणीसुद्धा जपून पितात. घंटा वाजवत नाहीत, लाकडी फळीवर हातोड्या वाजवतात. दुपारी ती टकटक ऐकू यायला लागली आणि गाव्रिलानं डोळे उघडले.

"तोदोसिया, थोडं दूध तापव ना."

ती थांबली.

"मामालिगा कुस्कर त्यात. मऊ कर. मीठ घाल."

दूध नव्हतं असं नाही हो. गाय दुभती होती, उपवासात दूध खपत नव्हतं, ईस्टरच्या चीजसाठी चुलीच्या कडेला हंडा भरून ठेवलेला. ताजं, साय धरलेलं. तिनं हंड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. एवढा पार पडलेला उपवास, आणि आज, आजच्या दिवशी? काठाशी येऊन बुडायचं?

"दोनच दिवस राहिले रे," ती म्हणाली आणि त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले. "रविवारी पहाटे देते. भांडंभर देते. ईस्टरचं लाल अंडंही देते सोलून. रविवारी, हं?"

"बरं," गाव्रिला म्हणाला. "रविवारी."

संध्याकाळी पालागियाला त्याच्यापाशी बसवून ती चर्चला गेली. प्रभूचं चित्र असलेलं कापड ठेवलेल्या मेजाखालून गुडघ्यांवर रांगत गेली, एकदा स्वतःसाठी आणि बाकी सगळ्या वेळा त्याच्यासाठी. शनिवारी उजाडता उजाडता गाव्रिला गेला. तिनं वेळेवर मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली, आपल्या हातात त्याचा हात धरून. प्रार्थना म्हटली. सगळं रीतसर झालं. अंधारात गेला नाही, क्षमेवाचून गेला नाही, उपवास मोडून गेला नाही.

रविवारी पहाटे गाव "प्रभू उठला आहे" म्हणत घरोघर लाल अंडी फोडत होतं. तोदोसियानं चूल पेटवली. दूध तापवलं, मामालिगा कुस्करली, मीठ घातलं आणि वाडगा नेऊन शवपेटीपाशी ठेवला. शब्द दिला होता तिनं. वाफ निघून जाईपर्यंत ती तिथंच बसून होती.

पालागिया आत आली. वाडगा बघितला. "हे काय?"

"शुक्रवारी दूध मागत होता," तोदोसिया म्हणाली. "मी रविवारी देते म्हटलं."

पालागियाचा चेहरा चुन्यासारखा झाला. ती आल्या पावली बाहेर गेली.

बोलली ती सोमवारी. आमच्यात मेलेल्याला नेताना घरच्या बायका मोठ्यानं आळवतात, मनाला येईल ते शब्द सुरात बांधून. ते कोणी अडवत नाही, फादरसुद्धा नाही. पालागियाचा आवाज आधीच खणखणीत. चर्चच्या चढावर तिनं सूर लावला आणि अख्खं गाव थबकलं:

"ऊठ रे भावा, दार उघड,
हंडा दुधानं भरलेला,
भरल्या घरातून, लेकरा माझ्या,
घोटावाचून कसा गेला?"

माना वळल्या. सगळ्या तोदोसियाकडे. तिनं पदर खाली ओढला आणि पेटीमागून चालत राहिली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. एक या बाजूनं आली तर दुसरी रस्ता ओलांडायची. गावाला काय, बोलायला विषय. "उपवासानं मारलं नवऱ्याला," विहिरीवर बायका म्हणत, आणि ती आली की बादल्या आपटत.

दुखणं त्याला ईस्टरच्या पुढं नेणारच नव्हतं, हे तिला फादरांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. तिलाही ते माहीत होतं. तिचं म्हणणं वेगळंच होतं. जीव जाणारच होता, ठीक आहे. पण त्यानं मागितलं ते माझ्याजवळ होतं आणि मी दिलं नाही.

यावर आमच्याकडे उपाय आहे. पोमाना म्हणतात. मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसाला जेवू घालायचं, भांड्यासकट द्यायचं, वर हातरुमाल आणि मेणबत्ती. घेणारा खातो आणि म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." मग ते अन्न त्याला पोचतं. तोदोसियानं वर्षभर दूध वाटलं. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, वाटसरूंना. नव्या वाडग्यांतून, मिठाचं. लोक तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, "देव त्याला क्षमा करो."

पण गाव्रिलाला पोचेना. तो स्वप्नात यायचा, कौलांच्या ढिगावर बसलेला, चेष्टा नाही, तक्रार नाही. ती वाडगा पुढं करायची. तो म्हणायचा, "बरं. रविवारी." प्रत्येक वेळी तेच. स्वप्नात वार कायम शुक्रवारच असायचा.

मग तिच्या डोक्यात आलं, आणि एकदा आलं ते निघेना. इतर वारी दिलेलं दूध इतर वारांना जातं. त्याची भूक शुक्रवारची आहे, त्या मोठ्या शुक्रवारची. गुरुवारची क्षमा गुरुवारी मागून झाली. शुक्रवारचं तसंच राहिलंय. त्या दिवशी कोणीतरी त्याच्या नावानं दूध खाल्लं पाहिजे.

ती फादरांकडे गेली. फादर डोक्याला हात लावून बसले. "तोदोसिया, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात नाही, फादर. माझ्या पोटात लिहिलंय."

"देवानं तुला क्षमा केली आहे. मी स्वतः तुला पापक्षमा दिली."

"देवानं केली असेल. दूध त्यानं नव्हतं मागितलं."

फादर सिमिओन उठून दारापर्यंत आले. शेवटी एवढंच म्हणाले, "मोठ्या शुक्रवारी मी कोणाला खा म्हणून सांगणार नाही. खाल्लं तर दारातून हाकलणारही नाही. जा."

मोठा शुक्रवार आला. दुपारची फळी वाजायला लागली तशी तिनं दूध तापवलं, नवा वाडगा घेतला, हातरुमाल बांधला, काठाला मेणबत्ती चिकटवली आणि निघाली. काय दिसली असेल! सगळं गाव काळे कपडे घालून, उपाशी पोटी चर्चकडे चाललेलं, आणि गावातली सगळ्यात कडक उपवासाची बाई दुधाचा वाडगा घेऊन उलट्या दिशेनं.

"डोकं फिरलं का गं?" पहिल्या दारी शेजारीण म्हणाली. "आज थुंकी गिळताना विचार करावा लागतो, आणि तू दूध घेऊन फिरतेस?"

"गाव्रिलाच्या नावानं. एक घोट घे."

"माझं पाप कोण फेडणार? तू?"

दुसऱ्या दारी चक्कीवाला होता, उभ्या जन्मात उपवास न पाळलेला. तोही मागे सरकला. "इतर कुठलाही दिवस सांग, हंडा संपवतो. आज नको, बाई. आज भीती वाटते."

तिसऱ्या दारची म्हातारी जवळजवळ आंधळी, अंथरुणाला खिळलेली, प्रेमळ. तिनं वाडगा चाचपला, कोमट लागला, तशी तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "किती गं जीव लावतेस त्याला! ठेव इथं माझ्या उशाशी. मी रविवारी खाते, हं? रविवारी नक्की."

तोदोसियानं वाडगा उचलला. तिला पुढं दार दिसेना, पायरी दिसेना. रविवारी! हाच शब्द, हाच प्रेमळ आवाज. असाच ऐकू आला असेल का त्याला? ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. चर्चला जाणारी माणसं बाजूनं वाट काढत गेली.

"दूध सांडेल."

तिनं वर बघितलं. ती पालागियाच्या फाटकासमोर उभी होती. पालागिया काळ्या कपड्यांत, गाण्याचं पुस्तक काखेत, निघायच्या तयारीत.

"कुणी घेतलं नाही ना?" पालागिया म्हणाली.

"नाही, वन्सं." वर्षानं पहिला शब्द.

"घेणार कसे? आजच्या दिवशी? अक्कल आहे का तुला?"

"नाही," तोदोसिया म्हणाली. "असती तर मागच्या वर्षी दिलं असतं."

पालागियानं रस्त्याकडे बघितलं. वरून फळीची टकटक चालूच होती. तिनं पुस्तक फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि पायरीवर बसली, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी.

"आण इकडे."

तोदोसियाला कळेना. "तुम्ही? तुम्हाला तर तिथं गाणी—"

"आण म्हटलं ना. आता काय निववून देणार आहेस?"

तोदोसियानं मेणबत्ती पेटवली. ती तीनदा विझली. "गाव्रिलाच्या नावानं," ती म्हणाली आणि वाडगा दिला.

पालागियानं चमचा भरून तोंडात घातला. उभ्या आयुष्यात या दिवशी तिच्या ओठाला पाणी लागलं नव्हतं. समोरून तिच्याच चर्चमधल्या बायका जात होत्या, तोंडावर हात ठेवून. ती चावत राहिली, गिळत राहिली. अर्धा वाडगा झाला तेव्हा थांबली.

"माझ्याकडेही मागितलं होतं त्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"दूध. त्या संध्याकाळी. तू प्रार्थनेला गेली होतीस. म्हणाला, ताई, एक घोट दे, मीठ घालून. हंडा माझ्या हाताशी होता, तोदोसिया. उठायचीसुद्धा गरज नव्हती."

तोदोसिया तिच्या शेजारी पायरीवर बसली. "मग?"

"मग काय! तू म्हणालीस तेच मीही म्हणाले. रविवारी रे, सोन्या." पालागियाचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तर म्हणाला, बरं. आणि म्हणाला, तोदोसियाला सांगू नको मी परत मागितलं म्हणून. तिला वाटेल मी मोडणार होतो. तिच्यासाठी धरलाय, म्हणाला, पुरा करतो."

वर्षभर तोदोसियाला वाटत होतं, तो तिच्यावर रुसून गेला.

"चढावर मी ओरडले ते तुझ्यासाठी नव्हतं," पालागिया म्हणाली. "गावाला वाटलं तुझ्यासाठी आहे, आणि मी वाटू दिलं. वर्षभर वाटू दिलं." तिनं नाक पदराला पुसलं. "देव त्याला क्षमा करो." मग जरा थांबून, "आणि आपल्याला. आपल्याला जास्त."

वाडग्यात अजून अर्धं होतं. पालागियानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोदोसियापुढं धरला.

"घे. आता मी देते. गाव्रिलाच्या नावानं."

"आज शुक्रवार आहे, वन्सं."

"माहिती आहे कुठला वार आहे ते. घे."

तोदोसियानं वाडगा घेतला. दूध निवलं होतं, वर बारीक साय धरली होती. तिनं चमचा तोंडात घातला. इतकी वर्षं तिनं हा वाडगा भरला, मीठ चिमटीत धरून मोजून घातलं, आणि पाठ करून उभी राहिली; चव म्हणून तिला ठाऊक नव्हती. ती सावकाश चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाडग्यात पडत होतं, तिनं ते पुसलं नाही.

"कसं लागतंय?" पालागियानं विचारलं.

"चांगलं लागतंय," तोदोसिया म्हणाली. "अगं बाई, चांगलं लागतंय हे."